‘तारण’ म्हटल्यावर मुलांना सोनेतारण आठवते



या अंकात एका साध्या पण निकडीच्या विषयावर लिहीत आहे. आपण प्रार्थना करतो, साक्ष देतो, उपदेश ऐकतो, या वार्तापत्रात सेवेचे वृत्त वाचतो. या सगळ्यात आपण जी भाषा वापरतो ती ऐकणाऱ्याच्या मनापर्यंत पोचते का? विशेषतः वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, हातात मोबाइल असलेल्या आदिवासी मुलामुलींपर्यंत ती पोचते का?

तालुक्याच्या कुठल्याही गावी बाजारातून फेरफटका मारा. पतपेढीच्या फलकावर ठळक अक्षरांत ‘सोनेतारण कर्ज’ लिहिलेले दिसेल. आपल्या मुलांनी ‘तारण’ हा शब्द पहिल्यांदा पाहिला तो तिथे. वसतिगृहातल्या सायंभक्तीनंतर नववीतल्या एका मुलाने मला अगदी प्रामाणिकपणे विचारले, “सर, येशूने आपलं तारण केलं म्हणजे आपल्याला कोणाकडे गहाण ठेवलं का?” बाकीची मुले हसली. पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याच्या जगात त्या शब्दाचा तोच अर्थ आहे.

असे शब्द अनेक आहेत. प्रभूने आपला जीव ‘खंडणी’ म्हणून दिला असे आपल्या प्रचलित भाषांतरात आपण वाचतो. आजच्या वर्तमानपत्रात खंडणी मागतो तो गुंड, आणि ती मागितल्याबद्दल त्याला अटक होते. ‘साक्ष’ म्हटले की मुलांना न्यायालय आठवते. ‘मंडळी’ म्हणजे घरची माणसे किंवा कार्यक्रमाला जमलेले लोक. ‘गौरव’ म्हणजे शाल, श्रीफळ आणि सत्कार. आपण लहानपणापासून उपासनेत बसत आलो, म्हणून हे शब्द कानावर पडताच आपल्याला त्यांचा मंडळीतला अर्थ कळतो. ज्याने ते बाहेरच ऐकले त्याला तो कळत नाही.

हे शब्द टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही. ते आपल्या आजी-आजोबांच्या प्रार्थनेतले आहेत, आणि त्यांत खोल अर्थ साठलेला आहे. ‘तारण’ हा शब्दच घ्या. तरणे म्हणजे पाण्यातून पार जाणे, तारणे म्हणजे दुसऱ्याला पार नेणे. पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलाला हे सांगा, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर लगेच ओळख दिसते. शब्द तोच राहतो, फक्त त्याची कडी उघडून द्यावी लागते. ती उघडणे हे आपले काम आहे. ऐकणाऱ्याने आधी आपली भाषा शिकावी आणि मग देवाची ओळख करून घ्यावी, ही अट प्रभूने कधीच घातली नाही.

पौलाने तीन गावी तीन तऱ्हेने सांगितले

प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. तेराव्या अध्यायात पौल पिसिदियातील अंत्युखियाच्या सभास्थानात बोलतो. ऐकणारे बहुतेक यहूदी. म्हणून तो मिसरातून झालेल्या सुटकेपासून दाविदापर्यंतचा इतिहास सांगतो आणि तिथून प्रभू येशूकडे येतो. सतराव्या अध्यायात तो अथेन्स शहरात आहे. तिथे शिकलेले, तत्त्वज्ञानावर वाद घालणारे लोक आहेत. तिथे तो इस्राएलाचा इतिहास सांगत नाही. त्यांच्याच शहरातल्या एका वेदीपासून सुरुवात करतो आणि त्यांच्याच कवींचे बोल आधाराला घेतो.

या दोन्हींच्या मधला चौदावा अध्याय आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. लुस्त्र हे लहान गाव. तिथे एक पांगळा बरा होतो आणि लोक आपल्या लुकवनी बोलीत ओरडू लागतात की देवच माणसांच्या रूपाने खाली उतरले आहेत. पौल आणि बर्णबा यांना ती बोली समजली असे दिसत नाही. कारण पुजारी बैल आणि हार घेऊन यज्ञ करायला येतो तेव्हा कुठे त्यांना काय चालले आहे ते उमगते, आणि ते कपडे फाडून धावतात. चांगले काम झाले होते, माणूस चालू लागला होता. पण बोली न कळल्यामुळे कामाचा अर्थ भलताच लावला गेला. त्यानंतर पौल त्यांच्याशी जे बोलतो त्यात धर्मशास्त्रातला एकही अवघड शब्द नाही. आकाशातून पडणारा पाऊस, हंगामात येणारे पीक, पोटभर अन्न आणि मनाचा आनंद, एवढ्यावरच तो बोलतो. शेतकऱ्यांशी शेतकऱ्यांचे बोलणे.

आपल्या सेवेत लुस्त्रासारखे प्रसंग कितीदा घडत असतील! दवाखाना चांगला, शाळा चांगली, वसतिगृह चांगले. पण हे सारे आपण कशासाठी करतो ते लोकांच्या बोलीत सांगितले नाही, तर लोक आपापल्या परीने अर्थ लावतात. कोणी म्हणतो निवडणूक जवळ आली असेल. कोणी म्हणतो परदेशातून पैसा येतो. कोणी म्हणतो यांना आपले नाव बदलायचे आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. महाराष्ट्रातल्या अनेक आदिवासी घरांत मराठी ही मायबोलीच नाही. वारली, कातकरी, भिली, मावची, पावरी या बोलींना स्वतःचा वेगळा बाज आहे. गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा आहेत. मेळघाटातली कोरकू तर मुंडा कुळातली. तिचे नाते मराठीपेक्षा झारखंडातल्या संथाळी-मुंडारीशी जवळचे. त्यामुळे आपली ग्रांथिक मराठी अशा मुलाच्या कानावर पडते तेव्हा तो आधी ती प्रमाण मराठीत समजून घेतो आणि मग आपल्या बोलीत. दोन नद्या ओलांडून त्याला आपल्यापर्यंत यावे लागते.

प्रभू येशू स्वतः गालीलात वाढला. यरुशलेमच्या लोकांना गालीलकरांचा हेल वेगळा वाटे. मुख्य याजकाच्या वाड्यात पेत्र ओळखला गेला तो त्याच्या बोलण्यावरूनच. शाळेत बोलीवरून चिडवल्या गेलेल्या आपल्या मुलांना मी हा प्रसंग नेहमी सांगतो. देवाचा पुत्र ज्या बोलीत बोलला तिलाही शहरातले लोक नावे ठेवत असत. आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ग्रीक भाषेत लिहितानाही ‘अब्बा’सारखे त्याच्या घरच्या बोलीतले शब्द तसेच जपून ठेवले.

मराठीतला आपला वारसा

रोजच्या भाषेत विश्वास सांगणे ही आजची टूम नव्हे. मूळचे इंग्लंडचे, १५७९ मध्ये गोव्याला आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या पुराणांची उणीव भासते हे ओळखले आणि ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ लोक गात राहिले. त्याच गोव्यात पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. एका बाजूला लोकांच्या ओवीत शिरणारा विश्वास आणि दुसऱ्या बाजूला लोकांची जीभ बदलू पाहणारी सत्ता. दोन्ही ख्रिस्ताचे नाव घेत होत्या. पण लोकांच्या ओठांवर टिकले काय, ते आपल्याला दिसतेच.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातून आलेल्या, फारसे न शिकलेल्या स्त्रियांचे आयुष्य जवळून पाहिले. त्यांना कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र असावे, म्हणून उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये मरणापूर्वी त्यांनी ते भाषांतर पुरे केले आणि मुक्तीतल्या स्त्रियांच्या हातांनी ते छापले गेले. संस्कृतात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या विदुषीने अवघड शब्द बाजूला ठेवले, हे आपण विसरू नये. सोपे बोलणे हे कमी शिकलेल्याचे लक्षण नाही; ते प्रेमाचे लक्षण आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ऋण तर आपण दर रविवारी उपासनेत गातो. अभंग, ओवी आणि कीर्तन त्यांनी मंडळीत आणले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, हे सांगताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. मराठी माणसाला मराठी राहून ख्रिस्ताचे होता येते, हे त्यांनी जगून दाखवले. मग वारली माणसाला वारली राहून आणि भिल्ल माणसाला भिल्ल राहून ते का जमू नये?

चार शब्द, रोजच्या जगण्यातून

आता प्रत्यक्ष काय बोलावे ते पाहू. वसतिगृहातल्या भक्तीत आणि पाड्यावरच्या बैठकीत मी ज्या रीतीने चार शब्द समजावून सांगतो, ते इथे देतो. प्रत्येक दाखल्याला मर्यादा असते, तीही सांगतो.

पाप. हा शब्द ऐकला की माणूस मान खाली घालतो किंवा चिडतो. शास्त्रातल्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांत नेम चुकण्याचा अर्थ आहे. शास्ते ग्रंथात न चुकणारे गोफणकरी वर्णिले आहेत, तिथे त्याच धातूचे क्रियापद आले आहे. तिरकमठा हाती धरलेल्या समाजाला हे लगेच कळते. बाण सुटला, पण जिथे जायला हवा होता तिथे गेला नाही. आयुष्य प्रेमासाठी दिलेले होते, ते दुसरीकडेच गेले. मर्यादा अशी की पाप म्हणजे नुसती चूक नव्हे. चुकलेल्या बाणाने कोणीतरी जखमी होते. दारू पिऊन घरी आलेल्या बापाला ‘तुझा नेम चुकला’ एवढे सांगून भागत नाही; घरात मार कोणी खाल्ला तेही विचारावे लागते.

खंडणी आणि तारण. वीटभट्टीवर जाणारे कुटुंब मुकादमाकडून आधी ‘उचल’ घेते. लग्न, आजारपण, पावसाळ्यातले धान्य यात ती खर्च होते. दिवाळीनंतर सारे घर भट्टीवर जाते. हंगाम संपल्यावर हिशेब होतो, तेव्हा काही बाकी निघाली की पुढचे वर्षही बांधले जाते. पूर्वी ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज घेऊन सावकाराकडे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. म्हणून मी सांगतो : समज, कोणी आला, तुझी सारी बाकी स्वतः भरली आणि म्हणाला, आता तू मोकळा, घरी जा. शास्त्रातल्या ज्या ग्रीक शब्दासाठी आपण ‘खंडणी’ वाचतो त्याचा अर्थ हाच आहे, गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी भरलेली किंमत. ही गोष्ट सांगितली की पाड्यावर शांतता पसरते.

पण इथेही मर्यादा आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे. एक तर देव म्हणजे मुकादम नव्हे. ‘मग ही बाकी कोणाला भरली?’ असा प्रश्न आला, तर दाखला तिथेच थांबवावा. किंमत मोठी होती आणि सुटका खरी आहे, एवढेच त्याने सांगायचे असते. दुसरे असे की ज्याच्या डोक्यावर खरीच उचल आहे त्याला आत्म्याच्या सुटकेची गोष्ट सांगून आपण उठून येऊ शकत नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली आणि वेठबिगारीपोटी असलेले कर्ज फेडण्याची जबाबदारीही रद्द केली. हे त्याला सांगणे, हिशेबाची वही वाचायला शिकवणे, गरज पडली तर तहसील कचेरीत बरोबर जाणे, हेही त्याच शुभवर्तमानाचे बोलणे आहे. नाझरेथच्या सभास्थानात प्रभूने पहिले वाचन निवडले ते दीनांचे आणि बंदिवानांचे होते.

कृपा. भातशेती करणाऱ्याला कृपा समजावणे सर्वांत सोपे. आपण राब भाजतो, आवण तयार करतो, बांध घालतो, लावणी करतो. पाऊस मात्र आपण पाडत नाही. तो कष्टाळूच्या शेतावर पडतो आणि आळशाच्याही शेतावर पडतो. प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात हाच दाखला दिला. कृपा पावसासारखी आहे : विकत मिळत नाही, कमवता येत नाही, पण ती आली म्हणून नांगर टाकून बसायचेही नसते. मर्यादा अशी की पाऊस कधी येत नाही आणि कधी पीक वाहून नेतो. दुष्काळ पडला म्हणजे देवाची कृपा आटली, असा अर्थ कोणी लावू नये, म्हणून ही गोष्ट स्पष्ट सांगावी.

पश्चात्ताप. रोजच्या मराठीत याचा अर्थ हळहळणे. हिब्रू शास्त्रातला शब्द मात्र पायांचा आहे : मागे फिरणे. बाजाराहून येताना फाट्यावर चुकीची वाट धरली आणि काही अंतरावर ते लक्षात आले. रस्त्याच्या कडेला बसून रडलो तर घर येत नाही, वळावे लागते. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत मुलगा उठतो आणि चालू लागतो. बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत येतो. माझ्या मते या गोष्टीला मर्यादा जवळजवळ नाहीच.

मोबाइलमधले जग

आधुनिक संस्कृती म्हणजे शहरातली गोष्ट, असे आता राहिले नाही. पाड्यावर नळाचे पाणी पोचायच्या आधी मोबाइल पोचला. लग्नात तारप्याशेजारी डीजे आला. मुली नर्सिंगला जातात, मुले पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. यात पुष्कळ चांगले आहे. या सगळ्यावर ‘जग बिघडले’ असा शिक्का मारला, तर मुले आपल्याशी बोलणेच सोडतील. शिवाय ते खरेही नाही. त्याच मोबाइलवर मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते आणि त्याच मोबाइलवर भट्टीवर गेलेल्या आईशी बोलते.

पण त्या पडद्यात एक ओझेही आहे : तुलनेचे. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचा रंग, दुसऱ्याचे कपडे दिवसभर डोळ्यांसमोर. आपला फोटो किती जणांना आवडला यावर आपली किंमत ठरते, असे मुलांना वाटू लागते. गोरे दिसण्याच्या क्रीमची जाहिरात पाहून मोठी झालेली आदिवासी मुलगी आरशात काय पाहत असेल, याचा विचार करा. इथे सांगण्यासारखे आपल्याकडे काही आहे. प्रभूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा, हा माझा प्रिय पुत्र, अशा अर्थाची वाणी स्वर्गातून झाली. मार्काच्या पुस्तकात त्या क्षणापर्यंत प्रभूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेले नाही. प्रेम आधी, काम नंतर. ‘तू काही करून दाखवण्याआधीच तू देवाला आवडतोस’ हे वाक्य कुठल्याही मुलाला समजते. त्यात एकही अवघड शब्द नाही.

मुले प्रश्नही विचारतात, आणि ते टाळू नयेत. ‘विज्ञानाच्या पुस्तकात विश्वाची सुरुवात वेगळीच दिली आहे, मग खरे काय?’ मी सांगतो की विश्व प्रसरण पावत आहे हा विचार १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे शास्त्रज्ञ होते आणि कॅथोलिक धर्मगुरूही होते. विश्व कसे घडले ते पुस्तक सांगते. ते कोणाचे आणि कशासाठी, ते उत्पत्तीचा अध्याय सांगतो. ‘आमची जमीन धरणात गेली तेव्हा देव कुठे होता?’ या प्रश्नाला चटकन उत्तर देऊ नये. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले. ‘ख्रिस्ती माणसाने तारप्यावर नाचायचे नाही का?’ यावर मी उलट विचारतो की त्या नाचात तुम्ही काय साजरे करता. पीक आले याचा आनंद असेल, सारे गाव हातात हात घालून नाचत असेल, तर त्यात देवाचे आभार मानायला जागा आहे. जिथे मनाला टोचते तिथे त्यांनीच प्रार्थनेने ठरवावे. टिळकांना कीर्तन टाकावे लागले नाही, हे आठवावे.

आपण त्यांच्याविषयी कसे बोलतो

शेवटचा मुद्दा आपल्या मदतनीस बंधुभगिनींसाठी आहे, आणि मनापासून लिहीत आहे. पूर्वी मिशनचे वृत्त शहरातल्या मंडळ्यांत वाचले जाई आणि तिथेच राही. आज हेच वार्तापत्र कोणीतरी मोबाइलवर पाठवते आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वसतिगृहातली मुलगी ते वाचते. ज्यांच्याविषयी आपण बोलतो, ते आता ऐकत असतात.

‘अंधारात खितपत पडलेले’, ‘मागासलेले’, ‘रानटी चालीरीतींतले’ असे शब्द आपल्या प्रार्थनांत अजून येतात. त्यामागे दया असते, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या आईबापांसाठी हे शब्द वाचणाऱ्या मुलीच्या मनावर काय होते? तिची आजी जंगलातल्या वनस्पती ओळखते. तिच्या समाजाची भिंतीवरची चित्रे जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर पोचली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांवर होती. एवढ्या मोठ्या, वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या समाजाला एका ‘अंधार’ शब्दात बसवता येत नाही. गरिबी आहे, कुपोषण आहे, दारू आहे, फसवणूक आहे. ते नाव घेऊन सांगावे. ‘अंधार’ म्हटले की दोष माणसावर येतो. ‘उचल’, ‘कुपोषण’, ‘रस्ता नाही’ म्हटले की दोष कुठे आहे ते दिसते.

सेवा आणि साक्ष यांविषयीही भाषा स्वच्छ असावी. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला विवेकाचे आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. हे स्वातंत्र्य जितके आपले, तितकेच समोरच्याचे. औषध, वह्या, वसतिगृहातली जागा यांच्या बदल्यात कोणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा आपण मनातसुद्धा धरू नये. शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या माणसाला खाणावळीत नेले, पैसे भरले आणि पुढच्या खर्चाची हमी दिली. त्याला काही कबूल करायला लावले नाही. विचारले तर आपल्या आशेचे कारण सांगावे, आणि ते सौम्यतेने आणि आदराने सांगावे, अशी पेत्राच्या पत्राची शिकवण आहे. आदर हा शब्द तिथे शोभेसाठी नाही.

या तिमाहीत करून पाहण्यासारखे

पहिले, आपल्या प्रार्थनेतला एखादा जुना शब्द घ्या आणि तो घरातल्या लहान मुलाला तोच शब्द न वापरता समजावून सांगा. जमले नाही, तर त्याचा अर्थ आपल्यालाच पुन्हा शोधायचा आहे असे समजा.

दुसरे, वसतिगृहाला भेट द्याल तेव्हा उपदेश तयार करून आणण्याऐवजी चार प्रश्न आणा. मुलांना त्यांच्या बोलीत ‘माफ करणे’, ‘भरवसा’, ‘घर’ यांना काय म्हणतात ते विचारा. शिकवणारे ते आणि शिकणारे तुम्ही, असे एक तासभर होऊ द्या.

तिसरे, कोणाचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्या व्यक्तीला विचारा, आणि फोटोखाली लिहिलेले तिला वाचून दाखवा. तिला ते आवडले नाही तर ते छापण्यासारखे नाही.

चौथे, पौलाने करिंथकरांना सांगितलेली गोष्ट आठवा : मंडळीत न समजणारे दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजणारे पाच शब्द बरे. पाच शब्दांची तयारी करायला वेळ लागतो. तो द्यावा.

प्रार्थनेत आठवण ठेवा : भट्टीवर गेलेल्या कुटुंबांची आणि त्यांच्यामागे वसतिगृहात राहिलेल्या मुलांची, दहावी-बारावीच्या परीक्षेला बसणाऱ्यांची, आदिवासी बोलींत शास्त्राचे भाषांतर करणाऱ्या सेवकांची, आणि आपल्या सर्वांच्या जिभेची, की तिच्यातून निघणारा शब्द ऐकणाऱ्याला भाकरीसारखा हातात धरता यावा.

प्रभूच्या सेवेत आपला बंधू.